दुसरा संगणक कुठे होता

उर्से हे नाव बाहेरच्यांना टोलनाक्यामुळे माहीत असतं. पुण्याहून द्रुतगती मार्गाने मुंबईला निघालं की टोल भरायला गाडी थांबते, पाटी दिसते, गाडी पुढे जाते. कारखानदारीतली माणसं फिनोलेक्समुळे गाव ओळखतात. पवन मावळातल्या या गावाबद्दल लिहायचं तर भातखाचरं, रस्त्यात आणि कारखान्यांत गेलेल्या जमिनी, परगावाहून आलेले कामगार हे सगळं येईलच, आणि त्यावर लिहिणारी माणसं आहेत. मला लिहायचंय ते माझ्या धंद्याबद्दल. बंद पडलेल्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तो परत उभा करायचा, हा माझा धंदा. गिऱ्हाइकाच्या भाषेत, ‘विंडोज टाकून द्या’. कुठल्या गॅझेटियरमध्ये या कामाची नोंद व्हायची नाही. पण ग्रामपंचायतीचे दाखले, डेअरीची दुधाची बिलं, वजनकाट्याच्या पावत्या, शाळेचे निकाल, लग्नाचे अल्बम, हे सगळं गेली पंचवीस वर्षं अशा दुरुस्तीच्या जोरावर चाललंय. त्याचा इतिहास कुणीतरी मांडून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

या कामात पहिल्यापासून एक अडचण आहे. बटण दाबल्यावर संगणकाला स्वतःहून फार थोडं कळतं. त्याच्या बोर्डावरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा कोरलेला असतो, तो बायोस. तो मेमरी, कीबोर्ड तपासतो आणि मग डिस्कचा पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा फक्त ५१२ बाइटचा. त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ एए अशी खूण सापडली तर ‘इथून सुरू करता येईल’ असं बायोस मानतो आणि सूत्रं त्या तुकड्याच्या हाती देतो. तो तुकडा पुढचा प्रोग्रॅम उठवतो, तो त्याच्या पुढचा, असं करत अख्खी सिस्टिम उभी राहते. ही साखळी तुटली की मशीन काळ्या पडद्यावर पांढरी ओळ दाखवून थांबतं. मग तशीच खूण असलेलं काहीतरी बाहेरून आणून लावावं लागतं: फ्लॉपी, सीडी, पेनड्राइव्ह. आणि ते तयार करायला लागतो दुसरा, चालू संगणक.

हा दुसरा संगणक कुठे होता, कुणाच्या ताब्यात होता, त्याच्यापर्यंत जायला किती वेळ लागत होता, त्यावर मावळात या कामाची रीत बदलत गेली.

सुरुवातीला तो पुण्यात होता. आयबीएमचा पीसी १९८१ साली अमेरिकेत आला तेव्हा फ्लॉपीवरूनच सुरू व्हायचा. आमच्या बाजूच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत नव्वदीच्या दशकात संगणक आले, ते हिशेब आणि पगारपत्रकांसाठी. बिघडलं की पुण्याहून इंजिनिअर यायचा. त्याच्या बॅगेत साडेतीन इंची फ्लॉप्यांची डबी असे. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं, आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात बसणार नाही. विंडोज ९५ फ्लॉप्यांवर घेतली तर तेरा फ्लॉप्या. एकेक घालायची, घरघर ऐकत बसायचं, पुढची घालायची. अकरावी खराब निघाली तर सगळं मुसळ केरात.

सीडी आली तरी फ्लॉपी सुटली नाही, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. सीडीवरून संगणक सुरू करण्याची रीत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ साली ठरवून दिली, पण ती समजणारे बोर्ड आमच्याकडे पोचायला काही वर्षं गेली. तोवर फ्लॉपीवरून डॉस उठवायचं, त्यातून सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर चढवायचा, आणि मग सीडीवरचं सेटअप चालवायचं. विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीची एक खोड होती. ती मेमरीत एक तात्पुरती डिस्क तयार करायची आणि त्यामुळे सीडीचं अक्षर एक घर पुढे सरकायचं. डी म्हणून शोधत बसाल तर सीडी सापडायची ई वर. हे ज्याला ठाऊक तो उस्ताद. ज्ञान असं एकाकडून दुसऱ्याकडे तोंडी जायचं. एफडिस्क, मग फॉरमॅट सी कोलन स्लॅश एस. या आज्ञा मी पाढ्यांसारख्या पाठ केल्या होत्या, वही न उघडता.

त्यात मावळचा पाऊस. लोणावळ्याकडून ढग एकदा उतरले की जून ते सप्टेंबर घरातली भिंत सुकत नाही. फ्लॉपीच्या आतल्या काळ्या चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके धरायचे. धातूची झडप सरकवून उजेडात धरली की दिसायचे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचं हेडही खराब. म्हणून बूट फ्लॉपीच्या दोन-तीन प्रती करून तांदळाच्या डब्यात ठेवायची पद्धत होती. आमच्याकडे डब्यात इंद्रायणी तांदूळ, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली फ्लॉपी. रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ चढला की शाळेच्या खोडरबरने पुसायचं, हेही पावसाळ्याचंच शिक्षण. आजही पावसाळ्यात चालू होत नाही म्हणून आलेला सीपीयू मी आधी उघडतो आणि रॅम पुसतो. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं, आणि मग विंडोज टाकायचे पैसे मी घेत नाही.

व्हायरसचा इतिहास याच ५१२ बाइटशी बांधलेला आहे, आणि त्यात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. पीसीचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’, १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीच्या पहिल्या तुकड्यात जाऊन बसायचा. १९९० च्या जूनमध्ये भारतात एक सापडला, त्याचं नाव ‘जोशी’. तोही बूट सेक्टरमध्ये राहायचा, आणि ५ जानेवारीला संगणक सुरू केला की अडवायचा. ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही. अशी बाधलेली फ्लॉपी घेऊन दहा कचेऱ्या फिरणारा दुरुस्तीवाला दहा कचेऱ्यांत रोग नेत असे. म्हणून फ्लॉपीच्या कोपऱ्यातलं छोटं बटण सरकवून ती लेखनबंद करूनच लावायची, हा आमच्या धंद्यातला स्वच्छतेचा पहिला नियम. पुढे पेनड्राइव्हला तसं बटण राहिलं नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

त्याच काळात पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत होते. दुकानात येणारी मशीनं व्हायरसने बाधलेली असत, म्हणून संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, ते साफ करायचा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून नव्वदीच्या मध्यावर ‘क्विक हील’ उभं राहिलं आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली. लाहोरच्या दोघा भावांच्या व्हायरसची गोष्ट जगभर सांगितली जाते. पुण्याच्या या दोघा भावांची गोष्ट मराठी मुलांना शाळेत सांगायला हवी, कारण ती दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाली. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये ‘इमर्जन्सी डिस्क’ करायची सोय आहे. विंडोज चालू न करता, सीडीवरून किंवा पेनड्राइव्हवरून मशीन उठवून साफ करायचं. दुरुस्तीवाल्याला काय लागतं हे दुरुस्तीवाल्यालाच कळणार.

मग दुसरा संगणक जवळच्या तळेगावात आला. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे क्लास गावोगाव निघाले. पगारवाढ अडकू नये म्हणून शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक संध्याकाळी क्लासला बसू लागले. मीही तिथेच शिकलो, आणि शिकता शिकता मशीनं सांभाळू लागलो. क्लासमधले संगणक दिवसभर वेगवेगळ्या हातांखाली जायचे, रोज काहीतरी मोडायचं. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची पूर्ण प्रतिमा ‘घोस्ट’ नावाच्या प्रोग्रॅमने काढून ठेवायची, आणि बाकीच्यांवर उतरवायची. ‘घोस्ट मार’ एवढंच म्हणायचो. रांगेतली मशीनं एकामागून एक सारखी उभी राहिलेली बघताना मला जो आनंद व्हायचा, त्याने मी या धंद्यात राहिलो.

तो विंडोज एक्सपीचा काळ. सीडी घालायची, ‘कोणतंही बटण दाबा’ ही ओळ चुकवायची नाही, करार वाचून एफ८, जुनं विभाजन काढायचं, नवं करायचं. निळा पडदा संपला की चित्रं सुरू होत आणि डावीकडे लिहून येई, सेटअप पूर्ण होण्यास अंदाजे ३९ मिनिटे. ही ३९ मिनिटं खेड्यात फार मोठी होती. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाने आम्हाला पिळून काढलं. वीज कधी जाणार हे वेळापत्रकात असायचं, आणि वेळापत्रकाबाहेरही जायची. यूपीएसची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांची. म्हणून काम वीज आल्याआल्या सुरू करायचं, आणि विजेची वेळ रात्रीची असेल तर रात्री. रात्री अकराला सीपीयू मोटारसायकलवर दोन माणसांच्या मध्ये धरून आणलेला मी पाहिलाय. सकाळी डेअरीत दुधाची नोंद व्हायला हवी, एवढंच त्या माणसाला ठाऊक होतं.

विंडोज टाकली म्हणजे काम झालं असं नव्हतं. मराठी यायला हवी. एक्सपीत देवनागरी होती, पण आपोआप नव्हती. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत एक चौकट टिचकून द्यावी लागे, मग विंडोज सीडी मागे आणि तिच्यावरच्या आय३८६ फोल्डरातून फाइली उचले. ही चौकट राहून गेली की ग्रामपंचायतीच्या पडद्यावर जोडाक्षरं फुटलेली दिसत किंवा नुसत्या चौकटी. डीटीपीवाल्यांकडे वेगळी तऱ्हा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम, आणि ती चालवायला मागे खोचलेलं डोंगल. फॉरमॅट मारण्यापूर्वी फॉन्टचं फोल्डर वेगळं काढलं नाही, तर लग्नपत्रिकांच्या साऱ्या जुन्या फाइली नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बसत. २०११ साली ‘संग्राम’ प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणक आणि ऑपरेटर आले, तेव्हा युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड या दोन गोष्टी मी प्रत्येक मशीनवर न मागता करून देत असे. आजही देतो. माझ्या मते ऑपरेटिंग सिस्टिम टाकणाऱ्याचं काम त्या मशीनवर मालकाला आपलं नाव आपल्या लिपीत लिहिता आलं की संपतं, त्याआधी नाही.

सीडी कुठून यायच्या, हेही लिहिलं पाहिजे. बहुतेक नकली होत्या. संगणकाच्या प्रोग्रॅमला कॉपीराइट कायद्याचं संरक्षण होतं, आणि तरी एका सीडीवरून अख्खा तालुका चालला. मालकाला परवाना म्हणजे काय ते माहीत नव्हतं आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही. मी त्या दिवसांचं समर्थन करत नाही, पण खेड्यातली संगणकसाक्षरता त्या पायावर उभी राहिली हे नाकारणंही खोटेपणाचं होईल. त्याच वेळी प्रामाणिक वाटही होती. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी येत. उबुंटूवाले तर मागणी नोंदवली की जगात कुठेही पोस्टाने फुकट सीडी पाठवत, २०११ पर्यंत ती सोय होती. पोस्टमनने आणून दिलेलं ते पुठ्ठ्याचं पाकीट मी जपून ठेवलंय. सीडी घातली की काहीही न टाकता अख्खी सिस्टिम समोर यायची, वापरून बघा, पसंत पडली तर टाका. केरळने आपल्या शाळांसाठी त्याच सुमारास लिनक्स निवडलं आणि मुलांच्या परीक्षाही त्यावर घेतल्या. आपण विंडोजवरच थांबलो. आमच्या मुलांना संगणक म्हणजे एकाच कंपनीचा पडदा असं वाटत राहिलं, ते मला अजून लागतं.

दुसरा संगणक उर्शात आला तो पेनड्राइव्हबरोबर. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने २००० साली पहिले पेनड्राइव्ह बाजारात आणले, एम-सिस्टिम्सचा ८ एमबीचा. आमच्या हातात आले ते चार-पाच वर्षांनी, पुण्याच्या तपकीर गल्लीतून. आधी ते फक्त फाइली न्यायला, आणि व्हायरस न्यायलाही. त्यावरून संगणक उठवायचा तर बायोसमध्ये यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे पर्याय दिसत आणि कुठल्या बोर्डाला कुठला चालेल ते करून बघूनच कळे. २००७ साली आसुसने सीडी ड्राइव्ह नसलेला छोटा लॅपटॉप काढला, तसे आणखी निघाले, आणि पेनड्राइव्हशिवाय गत्यंतर उरलं नाही. २००९ साली विंडोज ७ आली. मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्ह करायचं एक साधन दिलं, पण त्यात मुक्त परवान्याचा कोड परवाना न पाळता वापरलेला निघाला. त्यांनी ते मागे घेतलं आणि डिसेंबरात कोडसकट खुलं करून पुन्हा दिलं.

आम्ही तरी काळ्या खिडकीतच काम करत होतो. डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. इथे डोळे नीट उघडे ठेवायचे, कारण पुढची आज्ञा ज्या क्रमांकाला जाईल ती डिस्क कोरी होणार. आकार बघायचा: ४६५ जीबी म्हणजे गिऱ्हाइकाची हार्ड डिस्क, ३ जीबीच्या वर काहीतरी म्हणजे आपला ४ जीबीचा पेनड्राइव्ह. सिलेक्ट डिस्क १. क्लीन. क्रिएट पार्टिशन प्रायमरी. अ‍ॅक्टिव्ह. फॉरमॅट. असाइन. मग डीव्हीडीवरच्या सगळ्या फाइली उतरवायच्या. २०११ च्या अखेरीस आयर्लंडमध्ये राहणाऱ्या पीट बाटार यांनी ‘रुफस’ काढलं आणि हे सगळं एका छोट्या खिडकीत आलं. दीड-दोन एमबीचा, फुकट, कोड उघडा असलेला प्रोग्रॅम. मावळात किती घरांची चूल त्यावर पेटते हे त्या माणसाला कळलं तर त्याला बरं वाटेल. २०२० साली ‘व्हेंटॉय’ आलं. एकदाच पेनड्राइव्ह तयार करायचा आणि आयएसओ फाइली, म्हणजे अख्ख्या सीडीची एकेक फाइल, नुसत्या त्यात टाकायच्या, सुरू करताना यादी येते. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आता एकच पेनड्राइव्ह आहे आणि त्यात विंडोज १०, ११, लिनक्स मिंट, डिस्क तपासायची साधनं, सगळं आहे.

आयएसओ मिळवणं हा वेगळा अध्याय. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत होतं, तर गजर लावून दोनला उठायचं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि हा गजर बंद झाला. त्या आधी ७०० एमबीची फाइल मिळालेला माणूस ती मित्राला देई, मित्र आणखी एकाला.

हातातलं एक काम जवळून सांगतो. मावळात गुलाबाची पॉलीहाउसं आहेत, तळेगावला एमआयडीसीचं फ्लोरिकल्चर पार्क आहे. जानेवारीच्या अखेरीस व्हॅलेंटाइनसाठी परदेशी माल जायला लागतो, तेव्हा तिथे कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. अशाच दिवसांत एका पॅकहाउसमधून फोन आला. पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’, आणि टॅलीतला सगळा हिशेब आत. मालकाची बहीण हिशेब बघायची. “दादा, विंडोज नंतर टाका, आधी माझी टॅली काढा,” ती म्हणाली. बरोबर बोलली ती. हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी असावं. मी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, एफ१२ दाबलं, ‘ट्राय’ निवडलं. बाजूला मुली फुलांना जाळ्या चढवत होत्या, कोल्ड रूमचं दार उघडझाप करत होतं. डिस्क दिसली, नुसत्या वाचण्यापुरती उघडली, टॅलीचं डेटा फोल्डर आणि बिलांच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या, आणि त्या तिच्या लॅपटॉपवर उघडून दाखवल्या. तिने शेवटच्या बिलाचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला. मग विंडोजला हात लावला. चालू न होणाऱ्या मशीनमधून माणसाचं काम सुखरूप बाहेर काढता येतं, यासाठी मला बूटेबल पेनड्राइव्ह सिस्टिम टाकण्यापेक्षाही मोलाचा वाटतो.

आता मात्र जुन्या पाठांतराने भागत नाही. बायोसच्या जागी यूईएफआय आलं, ५१२ बाइटच्या खुणेऐवजी एका छोट्या विभाजनातली फाइल शोधली जाते, आणि सिक्युअर बूट तिच्यावरची सही तपासतं. रुफसमध्ये विभाजनांची मांडणी जीपीटी की एमबीआर हे गिऱ्हाइकाचं मशीन पाहूनच ठरवावं लागतं. फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल त्याच्या वर जाते. नव्या लॅपटॉपवर सेटअपला डिस्कच दिसत नाही, इंटेलचा ड्रायव्हर आधी दाखवावा लागतो. आणि बिटलॉकर. लोकांना माहीतही नसतं की त्यांची डिस्क कुलूपबंद आहे. ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, खातं दुकानदाराने उघडून दिलेलं, पासवर्ड कुणाला आठवत नाही. अशा मशीनमधले मुलांचे फोटो मी काढून देऊ शकत नाही, आणि आईबापांना ते सांगणं या धंद्यातलं सगळ्यात जड काम आहे. म्हणून नवा लॅपटॉप दाखवायला आणला की मी आधी ती किल्ली कागदावर लिहून देतो आणि सांगतो, घराच्या कागदपत्रांत ठेवा. एक गोष्ट मात्र चांगली झाली. विंडोज ८ पासून परवान्याची किल्ली लॅपटॉपच्या चिपमध्येच येते. त्यामुळे परत टाकलेली विंडोज आपोआप अस्सल ठरते, आणि नकलीचं कारण उरत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. शाळांतली, पंचायतीतली, वजनकाट्यांवरची कितीतरी धडधाकट मशीनं या अटीत बसत नाहीत. ती भंगारात देऊ नका असं मी भेटेल त्याला सांगतोय. रॅम वाढवा, एसएसडी घाला, लिनक्स मिंट टाका. मराठी त्यात सुरुवातीपासून दिसते, त्यासाठी सीडी मागणारी चौकट नाही. लिनक्सवर आपली अक्षरं दाखवणारे लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त केले, आणि त्यांचं मूळ काम पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हा पेनड्राइव्ह आता फोनवरून करतात. ओटीजीची छोटी जोडणी, ‘एचड्रॉइड’ नावाचं अ‍ॅप, मिंटची आयएसओ. विंडोजची फाइल त्यावर जमत नाही, लिनक्सची जमते. फोन पेनड्राइव्हवर लिहीत असतो, आणि बंद पडलेलं मशीन शेजारी टेबलावर उघडं असतं. दुसरा संगणक शोधायला आता तळेगावला जावं लागत नाही, माझ्या दुकानातही यावं लागत नाही. या वर्षी उर्शातल्या एका अकरावीतल्या मुलीने घरातला जुना डेस्कटॉप असाच फोनवरून उभा केला. मला दाखवायला आणलं तेव्हा मराठी टायपिंगही तिने आधीच लावून ठेवलं होतं.